पिंपरीच्या टाक्या आणि सह्याद्रीची झाडे

पुणे जिल्ह्याच्या खेड तालुक्यात चाकणच्या नावाने ओळखला जाणारा मोटारकारखान्यांचा जो मुलूख आज पसरला आहे, त्याच तालुक्याच्या पश्चिम टोकाला, भीमाशंकरच्या रानालगतच्या गावांत, महादेव कोळी कुटुंबे उन्हाळ्यात हिरड्याची कोवळी फळे उतरवतात, अंगणात वाळवतात आणि बाळहिरडा म्हणून विकतात. औषधी द्रव्य मिळविण्याची ही मनुष्याची सर्वांत प्राचीन रीत होय: वनस्पतीने आपल्या ऋतूत, आपल्या गतीने, आपल्या अंगी जे साठविले ते रानात जाऊन गोळा करावे आणि वैद्याच्या खलापर्यंत पोचवावे. दुसरी रीत अगदी अलीकडची. जिवंत पेशीलाच पात्रात घालावे, तिला अन्न, हवा आणि ऊब द्यावी, आणि हवे ते द्रव्य तिच्याकडून करवून घ्यावे. स्वतंत्र भारताने ही दुसरी विद्या मोठ्या प्रमाणावर प्रथम गिरवली ती याच जिल्ह्यात, पवनेकाठच्या पिंपरी येथे.

मौजे पिंपरी वाघेरे हे तोवर पुणे-मुंबई रस्त्यावरचे एक शेतकरी गाव होते. शेजारच्या चिंचवडास मोरया गोसावींच्या समाधीमुळे आणि देव संस्थानाच्या इनामांमुळे दफ्तरांतून आणि भाविकांच्या मनांतून मोठे स्थान होते. पिंपरीस तसे काही नव्हते. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची छावणी येथे पडली. पुढे भारत सरकारने जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने पेनिसिलिनचा कारखाना काढण्याचे ठरविले, त्यासाठी ही जागा मुक्रर झाली, आणि १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी क्षेत्रातील देशातील पहिली औषधनिर्मिती कंपनी अस्तित्वात आली. १९५५ साली उत्पादन सुरू झाले. बजाज, टेल्को आणि औद्योगिक विकास महामंडळाच्या वसाहती या सर्व त्यानंतरच्या. पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक इतिहासाचा पहिला अध्याय पोलादाने लिहिला नसून एका बुरशीने लिहिला आहे, ही गोष्ट या नगरीतील नव्या पिढीस कोणी आवर्जून सांगावी असे मला मनापासून वाटते.

त्या अध्यायाचे मर्म कळण्यासाठी टाकीजवळ थोडे थांबले पाहिजे. पेनिसिलियम क्रायसोजेनम या बुरशीचे जपून ठेवलेले बीजाणू आधी काचेच्या चंबूत वाढवीत, तो चंबू हलत्या फळीवर अहोरात्र घुसळत ठेवीत, मग त्यातील वाढ लहान बीजटाकीत आणि तेथून मोठ्या फर्मेंटरमध्ये सोडीत. त्यापूर्वी टाकी, तिच्या नळ्या, तिच्या झडपा आणि आतील द्रव हे सर्व दाबाखालच्या वाफेने १२१ अंशांपर्यंत तापवून निर्जंतुक केलेले असे. आत जाणारी हवादेखील गाळून घेतलेली असे, कारण बुरशीला प्राणवायू अखंड हवा आणि त्या हवेबरोबर एखादा परका जंतू शिरला तर तो पेनिसिलिन फोडणारे विकर सोडून हजारो लिटरांचा घाणा बघता बघता वाया घालवू शकतो. फेस चढू लागला की तेलाचा थेंब, ताप चढू लागला की गार पाणी, आम्लता ढळली की तिची दुरुस्ती, असा कित्येक दिवसांचा पहारा झाल्यावर बुरशी गाळून टाकीत, निवळ द्रव थंड करून आम्ल करीत आणि द्रावकात औषध झपाट्याने ओढून घेत. झपाट्याने अशासाठी, की आम्लात पेनिसिलिन स्वतःच नासू लागते. या कामात यंत्रसामग्रीहून मोठे भांडवल होते ते माणसांच्या सवयीचे: वाफेचा नळ किती वेळ उघडा ठेवावा, वासावरून आणि रंगावरून टाकीची प्रकृती कशी ओळखावी, हे ज्ञान पुस्तकातून येत नाही, पाळीमागून पाळी करूनच हाती बसते. पिंपरीकर ज्या कारखान्यास नुसते ‘एच.ए.’ म्हणत आले, त्याने हे ज्ञान कामगारांच्या आणि रसायनतज्ज्ञांच्या एका अख्ख्या पिढीस दिले.

आणि हा कारखाना केवळ परक्या कृतीची नक्कल करीत बसला नाही. तेथील संशोधनाचे धुरीण डॉ. एम. जे. तिरुमलाचार हे मूळचे वनस्पतिरोगांचे अभ्यासक. तांबेरा आणि काणी ही पिकांची दुखणी त्यांच्या विशेष अध्ययनाचा विषय. मातीत राहणाऱ्या स्ट्रेप्टोमायसिस कुळातील जीवांमधून त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बुरशीजन्य रोगांवरील हॅमायसिन शोधले, त्याचे वृत्त १९६१ साली कारखान्याच्याच ‘हिंदुस्थान अँटिबायोटिक्स बुलेटिन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले, आणि १९६४ साली पिकांवरील बुरशीरोगांसाठी ऑरिओफंजिनची भर पडली. हॅमायसिन देणाऱ्या जीवाचे शास्त्रीय नाव स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. त्याच जीवापासून मिळालेल्या पिंप्रिनीन या अल्कलॉइडची रचना १९६३ साली जगापुढे आली. अफूतील मॉर्फीन, सिंकोन्याच्या सालीतील क्विनीन हीही अल्कलॉइडेच. म्हणजे जी द्रव्ये आपण झाडपाल्यात शोधत आलो, त्यांचेच गोत्र टाकीतल्या मातीच्या जीवाने दाखविले आणि त्या द्रव्यावर पिंपरी गावाची मुद्रा उमटली. स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिन यांच्या मिश्रणाचे येथील स्ट्रेप्टोसायक्लिन तर महाराष्ट्रातील डाळिंबाच्या बागाईतदारास घरच्यासारखे परिचित झाले.

जंतूंना जे जमते ते वनस्पतीच्या पेशीस का जमू नये, हा प्रश्न तसा जुना. ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ हाबरलांट यांनी १९०२ सालीच सुट्या वनस्पतिपेशी वाढविण्याची कल्पना मांडली होती. १९३० नंतरच्या दशकात ती फ्रान्स-अमेरिकेत फळास आली, आणि १९६२ साली मुराशिगे व स्कूग यांनी क्षार, शर्करा आणि संप्रेरके यांचे जे पोषकमाध्यम सिद्ध केले ते आज प्रत्येक ऊतिसंवर्धन प्रयोगशाळेत रोजच्या वापरात आहे. आपल्याकडे या विषयाचा एक उज्ज्वल प्रारंभ तुर्भ्याच्या अणुसंशोधन केंद्रात झाला. एम. आर. हेबळे, एस. नारायणस्वामी आणि एम. एस. चढ्ढा यांनी कंटकारीच्या, म्हणजे माळावर काट्यांनी पसरणाऱ्या आपल्या भुईरिंगणीच्या, ऊती काचपात्रात वाढवून त्यांतून डायोस्जेनिन वेगळे केले आणि तो निबंध १९६८ साली ‘सायन्स’ या अमेरिकन साप्ताहिकात छापून आला. डायोस्जेनिन हा स्टेरॉइड औषधांचा कच्चा माल. आणि भुईरिंगणी दशमुळांपैकी एक. दशमुळारिष्टाच्या बाटलीतील एक नाव जागतिक विज्ञानाच्या पानावर गेले, याचे मोल मराठी वाचकाने ओळखावे.

इकडे पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत व्ही. जगन्नाथन, ए. एफ. मस्कारेन्हस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हळद, साग आणि बांबू यांची रोपे काचेत सिद्ध केली. दशकानुदशके न फुलणाऱ्या बांबूस काही महिन्यांत काचपात्रातच फुलविल्याचा मस्कारेन्हस आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा १९९० सालचा ‘नेचर’मधील निबंध जगभर गाजला. परंतु रोप तयार करणे निराळे आणि रोपावाचून औषध तयार करणे निराळे. पाषाण आणि पिंपरी यांत अंतर अवघ्या काही कोसांचे, तरी पिंपरीच्या टाक्यांतून वनस्पतिपेशींचे व्यापारी पीक निघाले नाही. ते प्रथम निघाले जपानात, जेव्हा मित्सुई कंपनीने १९८३ साली शिकोनिन हे तांबडे औषधी रंगद्रव्य पेशीसंवर्धनातून बाजारात आणले. ज्या मुळांत ते साठण्यास वर्षे लागत, त्यांचे काम टाकीने सुमारे तीन आठवड्यांवर आणले.

हे यश विरळच राहिले, त्याची कारणे वनस्पतीच्या स्वभावात आहेत. जंतू एका घटकेत दुप्पट होऊ शकतो, वनस्पतिपेशीस त्यासाठी एक-दोन दिवस किंवा अधिक लागतात. ती आकाराने मोठी, घुसळणाऱ्या पात्यांनी फुटणारी, गाठी करून राहणारी. आणि विशेष अडचण अशी, की औषधी द्रव्य ती बहुधा वाढीच्या भरात करीत नाही, वाढ थांबल्यावर किंवा काही संकट जाणवल्यावर करते. म्हणून आधी तिला वाढवावे लागते आणि मग मुद्दाम त्रास द्यावा लागतो. इतक्या दीर्घ काळात एकही परका जंतू आत येऊ न देणे हे ज्यास साधते, त्यासच हा व्यवहार परवडतो.

पिंपरीस ते साधलेले होते. पण १९९० नंतर आयातीचे दरवाजे उघडले, स्वस्त चिनी पेनिसिलिनपुढे येथील टाक्या टिकल्या नाहीत, १९९७ साली कंपनीची नोंद आजारी उद्योगांत झाली, आणि डिसेंबर २०१६ मध्ये देणी भागविण्यासाठी तिची अतिरिक्त जमीन विकण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. पुढे २०२० साली सरकारनेच प्रोत्साहन योजना काढून पेनिसिलिनचे मूळ द्रव्य पुन्हा देशात तयार व्हावे म्हणून उद्योजकांना आवाहन केले. जमिनीची किंमत खतावणीत लिहिता येते, हातांच्या सवयीची कोणत्या रकान्यात लिहिणार? ती सवय आपण मोडू दिली याचे मला अतिशय दुःख आहे.

त्या दुःखास कारण नरक्या हे झाड. महाबळेश्वर, आंबोली या बाजूच्या रानांत वाढणारा, दुर्गंधी फुलांचा हा लहान वृक्ष; १९७२ साली गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी त्यात कॅम्प्टोथेसिन असल्याचे दाखविले, १९९६ साली त्या द्रव्यापासून केलेली टोपोटेकॅन आणि इरिनोटेकॅन ही कर्करोगावरील औषधे अमेरिकेत संमत झाली, आणि झाडांवर कुऱ्हाड चालू लागली. हिरड्याचे फळ उतरविले तरी झाड उभे राहते. नरक्याचे लाकूडच हवे असल्याने झाड मुळासकट जाते. तुर्भ्याच्या शास्त्रज्ञांनी १९९४ साली त्याच्या ऊतिसंवर्धनात आणि २००१ साली द्रवरूप पेशीसंवर्धनात कॅम्प्टोथेसिन मिळविले, मात्र झाडाच्या मानाने ते फारच थोडे होते. मग २००५ साली जम्मूच्या प्रयोगशाळेतील संशोधकांनी जर्मन सहकाऱ्यांसह एक नवलाची गोष्ट नोंदविली: नरक्याच्या आत वसणारी एक बुरशी स्वतःच कॅम्प्टोथेसिन तयार करते. बुरशी म्हणजे पुन्हा फर्मेंटर, पुन्हा वाफ, पुन्हा गाळलेली हवा. झाडाबाहेर काढलेल्या अशा बुरशांची ही शक्ती मात्र संवर्धनाच्या पिढ्यांगणिक ओसरत जाते, आणि पुढचे काम तेथे अडले आहे. वाण निवडणे, ते क्षीण होऊ न देता वर्षानुवर्षे राखणे, उतार घसरला की मूळ कुपीतून नवे बीज उठविणे, हा एच.ए.च्या प्रयोगशाळेचा एके काळी नित्याचा पाठ होता.