एक कोटी चिठ्ठ्यांचा संदर्भ

पुण्यातल्या डेक्कन कॉलेजात १९४८ साली डॉ. सु. मं. कत्रे यांनी संस्कृतच्या ऐतिहासिक कोशाचं काम सुरू केलं. ऋग्वेदापासून एकोणिसाव्या शतकातल्या ‘हास्यार्णवा’पर्यंत सुमारे दीड हजार ग्रंथ पंडितांनी ओळीओळीने वाचले. त्यातून जमल्या सुमारे एक कोटी चिठ्ठ्या. त्या ठेवल्या त्या दालनाला ‘स्क्रिप्टोरियम’ म्हणतात. ऑक्सफर्डच्या इंग्रजी कोशाचे संपादक जेम्स मरे यांच्या चिठ्ठ्यांच्या खोलीचंही हेच नाव.

चिठ्ठीवर शब्द, ग्रंथाचं संक्षिप्त नाव, स्थळ आणि अवतरण. एका ओळीतले चार शब्द नोंदवायचे तर चिठ्ठ्या चार. आणि चिठ्ठी चुकीच्या खणात गेली, की ती हरवल्यातच जमा.

पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांनीही अनेक वर्षं हाच उद्योग छोट्या प्रमाणावर केला. कार्डांवर टिपणं काढायची, टंकलेखकाकडे हस्तलिखित द्यायचं. मध्येच एक तळटीप वाढली, की पुढचे सगळे आकडे बदलायचे.

तो जाच संगणकाने संपवला. १९८५ मध्ये ओरेन पताश्निक यांचं ‘बिबटेक’ हे संदर्भ सांभाळणारं सॉफ्टवेअर आलं, २००६ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठातून ‘झोटेरो’. झोटेरोत पुस्तकाची नोंद एकदाच करायची. वर्डमध्ये लिहिताना ती निवडली, की मजकुरात एक अदृश्य सांकेतिक जागा तयार होते. परिच्छेद वरखाली केला तरी क्रमांक आपोआप जुळतात, संदर्भसूची शेवटी तयार होते. नियतकालिकाने वेगळी पद्धत मागितली, तर शैली बदलली की झालं.

नव्या पुस्तकाचा आयएसबीएन दिला, की बहुतेक वेळा तपशील आपोआप येतो. १९२० सालच्या मराठी पुस्तकाला मात्र तो क्रमांकच नाही. मुखपृष्ठ उघडून लेखक, प्रकाशक, आवृत्ती हाताने भरावी लागते. तिथे एक अक्षर चुकलं, तर ती चूक प्रबंधभर इमानेइतबारे उमटत राहते.

तिकडे डेक्कन कॉलेजच्या कोशाचा पहिला भाग डॉ. अ. मा. घाटगे यांच्या संपादनाखाली १९७६ मध्ये निघाला. एकेका शब्दाच्या चिठ्ठ्या काळानुसार लावून त्याचा अर्थ कधी, कसा वळला हे मात्र संपादकालाच ठरवावं लागतं. तीसहून अधिक भाग प्रसिद्ध झाले आहेत आणि कोश अजून ‘अ’ या अक्षरातच आहे.