लिंबोळीच्या तेलाची साक्ष

श्रोतेहो, लिंबोळीचं तेल म्हणजे काय, हे घाटनांदुरात सांगायची गरज नाही. पण आम्ही पडलो तत्त्वज्ञानाचे. अमुक एक खरं कशावरून, हा आमचा जुना प्रश्न. तोच प्रश्न या तेलाला युरोपात विचारला गेला. तो इतिहास आज पाहू.

१९९४ साली युरोपीय पेटंट कार्यालयानं अमेरिकेचं कृषी खातं आणि डब्ल्यू. आर. ग्रेस कंपनी यांना पेटंट दिलं. लिंबाच्या बियांतून काढलेल्या तेलानं झाडांवरची बुरशी आवरायची, हा त्याचा विषय. त्याला हरकत घेतली गेली. वंदना शिवा हरकतदारांपैकी एक. आपण म्हणू, हे तर आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. खरंय. पण तिथं तेवढ्यानं भागत नाही. कुणी, कुठं, कधी, कसं, हे दाखवावं लागतं.

ते दाखवता आलं ते महाराष्ट्रामुळे. १९८५ आणि १९८६ च्या उन्हाळ्यात पुणे व सांगली जिल्ह्यांत अशा अर्काच्या चाचण्या शेतावर झालेल्या होत्या. उद्योजक अभय फडके यांनी साक्ष दिली. १० मे २००० रोजी पेटंट रद्द झालं, ८ मार्च २००५ रोजी अपीलही फेटाळलं गेलं.

आता प्रयोगशाळेत या. बी दळून हेक्झेनमध्ये ठेवतात, तेल त्यात उतरतं. मग हेक्झेन उडवून लावतात. आगरच्या थाळीत जिवाणू पसरून तेलात बुडवलेली कागदी चकती ठेवायची. दुसऱ्या दिवशी चकतीभोवती जिवाणू न वाढलेलं कडं दिसलं, तर ते मिलिमीटरमध्ये मोजायचं. शेजारी नुसत्या द्रावकाची चकती हवीच. नाहीतर कडं तेलाचं की द्रावकाचं, कसं कळणार? आपले नैयायिक याला अन्वय-व्यतिरेक म्हणत. तेल आहे तिथं कडं, तेल नाही तिथं कडं नाही. ऑक्सिडीकरण रोखण्याची ताकद पाहायला डीपीपीएचचं जांभळं द्रावण घेतात. ते पिवळं पडत गेलं की ताकद दिसते.

पण थाळीतलं कडं म्हणजे औषध नव्हे. हेच तेल लहान लेकरांच्या पोटात गेलं तर जिवावर बेततं.

म्हणून इथल्या मुलांना आमचं सांगणं एवढंच. करडई घ्या, जवस घ्या, करंज घ्या. बी कुठलं, तेल कधी आणि कसं काढलं, चाचणीत काय दिसलं, सगळं तारखेनिशी वहीत लिहा. काही दिसलं नाही, तर तेही लिहा. पुणे-सांगलीच्या त्या चाचण्यांचं साल सांगता आलं, म्हणून ते ज्ञान आपलं ठरलं.