बारडोलीच्या विजयापूर्वीची वीस वर्षे

खेड्यापाड्यांतील एखादे गाऱ्हाणे अखिल देशाच्या राजकारणाचा प्रश्न केव्हा व कसे बनते, याचे उत्तर आपल्याकडे सहसा एका वाक्यात दिले जाते : थोर पुढारी लाभला आणि जनता उठली. सुरत जिल्ह्यातील बारडोलीचा १९२८ चा सारा-सत्याग्रह याच वाक्यात बसविण्याची प्रथा आहे. वल्लभभाई पटेल आले, शेतकरी उठले, सरकार नमले, आणि वल्लभभाई 'सरदार' झाले. हे सर्व खरे आहे. परंतु त्यावरून असा समज होतो की, फेब्रुवारीपूर्वी बारडोलीत काहीच घडले नव्हते. वस्तुतः जे घडावयाचे ते पुष्कळसे आधीच घडून गेले होते, आणि ते घडविले होते एका ज्ञातिसंस्थेने. आमच्यासारख्या ज्ञातिमंडळाच्या स्मरणिकेत या विषयास जागा देण्याचे कारण हेच.

बारडोली तालुक्यातील प्रमुख शेतकरी वर्ग म्हणजे कणबी पाटीदार. या समाजातील कुंवरजी मेहता व कल्याणजी मेहता या दोघा कार्यकर्त्यांनी आपल्या ज्ञातीच्या सुधारणेस हात घातला. १९०८ मध्ये कुंवरजींनी पाटीदार युवक मंडळ स्थापन केले व 'पटेल बंधू' हे मासिक सुरू केले. १९११ मध्ये सुरतेस खेड्यांतील मुलांच्या शिक्षणासाठी पाटीदार आश्रम निघाला. मंडळाचा कार्यक्रम पाहिला तर त्यात राजकारणाचा गंधही आढळत नाही. बालविवाह टाळावा, मृताच्या दिवसांच्या जेवणावळींपायी कर्ज काढू नये, मुलांना शाळेत घालावे, एवढीच ती कलमे. कोणत्याही ज्ञातिसंस्थेच्या त्या काळच्या अहवालात हीच कलमे सापडतील. आणि ती वाचताना आजच्या वाचकास थोडा कंटाळाही येईल. पण वसतिगृहाची वर्गणी गोळा करण्यास गावोगाव हिंडणाऱ्या माणसाला प्रत्येक गावात कोणाचा शब्द मानला जातो, कोणाचे कोणाशी वाकडे आहे, कोण दिलेले वचन पाळतो, हे सारे ठाऊक होते. असे ज्ञान कोणत्याही सभेत मिळत नाही. सुरत जिल्ह्यातून अनेक लोक दक्षिण आफ्रिकेत गेलेले असल्यामुळे गांधीजींचे नावही या भागास परके नव्हते.

१९२२ मध्ये सामुदायिक कायदेभंगासाठी गांधीजींनी बारडोलीची निवड केली ती या तयारीमुळेच. चौरीचौऱ्याच्या हत्याकांडानंतर फेब्रुवारीत तो बेत रद्द झाला. लोक हिरमुसले, परंतु कार्यकर्ते घरी परतले नाहीत. तालुक्यात आश्रम उभे राहिले, चरखे फिरू लागले, आणि 'काळीपरज' या तुच्छतादर्शक नावाने ओळखल्या जाणाऱ्या आदिवासींत शिक्षण व मद्यपाननिषेधाचे काम सुरू झाले. या आदिवासींत त्याच साली देवीच्या संचाराची एक विलक्षण लाट येऊन गेली होती. पालघरच्या किनाऱ्याकडून निघालेल्या त्या लाटेत हजारो लोकांनी आपण होऊन दारू-ताडी सोडली. ती चळवळ कोणाही पुढाऱ्याने उभारलेली नव्हती, म्हणूनच की काय, राष्ट्रीय इतिहासात तिला फार थोडी जागा मिळाली.

आता प्रत्यक्ष लढ्याकडे वळू. तालुक्यात १३७ गावे व सुमारे ८७ हजार वस्ती. फेरआकारणीचे काम जयकर नावाच्या अधिकाऱ्याकडे होते (बॅरिस्टर मुकुंदराव जयकर ते हे नव्हेत). त्यांनी शेतसाऱ्यात ३० टक्के वाढ सुचविली. वरिष्ठ अधिकारी अँडरसन यांनी खंडाच्या आकड्यांवर भिस्त ठेवून जवळजवळ तेवढीच वाढ योग्य ठरविली, आणि सरकारने १९२७ मध्ये ती २२ टक्क्यांवर आणली. १२ फेब्रुवारी १९२८ रोजी शेतकऱ्यांच्या परिषदेने सारा न भरण्याचा ठराव केला. मागणी एकच होती : निःपक्षपाती चौकशी करा. वल्लभभाईंनी या मागणीपुढे एक पाऊलही टाकू दिले नाही. बाहेरच्या पुढाऱ्यांना त्यांनी दूरच ठेवले. स्वतः गांधीजी बारडोलीस आले ते २ ऑगस्टला. स्वराज्याचा शब्द लढ्यात न आणल्यामुळेच हा लढा स्वराज्याच्या उपयोगी पडला, हे आम्हांस त्याचे मर्म वाटते. सरकारला राजद्रोहाचे निमित्त सापडेना, आणि कौन्सिलातील मवाळ मंडळींनाही शेतकऱ्यांची बाजू घेण्यात संकोच वाटेना.

सरकारने जप्त्या सुरू केल्या, त्यासाठी पठाण आणले, जमिनी खालसा केल्याच्या नोटिसा काढल्या. जप्तीच्या भयाने माणसे व म्हशी महिनोन्‌महिने एकाच बंद घरात राहिल्या. वालोडच्या दोघा व्यापाऱ्यांनी आरंभीच युक्ती केली. जप्तीदाराच्या सहज हाती लागतील अशा ठिकाणी नोटा ठेवल्या. ही गोष्ट उघडकीस येताच गावात असा क्षोभ झाला की, दोघांनाही दंडादाखल देणगी द्यावी लागली. येथे ज्ञातिपंचायतींचे बळ दिसते, आणि त्याची दुसरी बाजूही दिसते. शपथ मोडणाऱ्यावर बहिष्कार घालण्याचे हत्यार ज्ञातीजवळ पूर्वीपासून तयार होते; लढ्याने ते वापरले. वैद्याची मदत वा जीवनावश्यक वस्तू कोणासही नाकारू नयेत, असे गांधीजींना सांगावे लागले, यावरून ते किती तीक्ष्ण होते हे कळते. आम्ही त्याचे सरसकट गुणगान करणार नाही.

१२ जूनला देशभर बारडोली दिन पाळला गेला. कन्हैयालाल मुनशी यांच्यासारख्यांनी कौन्सिलच्या जागा सोडल्या. जुलैत पुण्यास कौन्सिलपुढे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांनी निर्वाणीची मुदत दिली. पण ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पुण्यातच, सर चुनीलाल मेहता यांच्या मध्यस्थीने, तडजोड झाली. चौकशीवर नेमलेल्या दोघांपैकी एक ब्रूमफील्ड; १९२२ मध्ये गांधीजींना सहा वर्षांची सजा देणारे न्यायाधीश तेच. ब्रूमफील्ड व मॅक्सवेल यांनी गावोगाव फिरून पाहिले, तेव्हा जयकरांनी खंडाची खरी तपासणी केलीच नव्हती असे आढळले. २२ टक्क्यांच्या जागी सहा टक्क्यांच्या आसपास वाढ योग्य ठरली.

पुण्याचे नाव आले म्हणून मुळशीचे स्मरण होते. १९२१ मध्ये टाटांच्या धरणाविरुद्ध सेनापती बापट व विनायकराव भुस्कुटे यांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी जो सत्याग्रह केला, त्यात त्याग बारडोलीहून कमी नव्हता. आणि अन्याय तर अधिक होता, कारण प्रश्न साऱ्याचा नसून अवघ्या जमिनीचाच होता. पण मावळातील पुष्कळ जमिनी सावकारांकडे गहाण पडलेल्या, आणि सावकाराला भरपाईत गोडी. चळवळीची उभारणी व लढा एकाच वेळी करावी लागली. १९२४ पर्यंत ती ओसरली. शौर्य कमी पडले नाही. त्याखाली वीस वर्षांची बांधणी नव्हती.

बारडोलीचा परिणाम मात्र थेट वर पोहोचला. असहकारिता मावळल्यावर काँग्रेसमध्ये आलेली मरगळ गेली, साराबंदी यशस्वी होऊ शकते हा विश्वास आला, आणि १९३० मध्ये दांडीयात्रेचा शेवट याच सुरत जिल्ह्यात झाला. १९३१ च्या कराची काँग्रेसचे अध्यक्ष वल्लभभाई होते; १९३८ चे हरिपुरा अधिवेशन बारडोलीच्याच परिसरात भरले. १९३० नंतरच्या लढ्यात गेलेल्या जमिनी त्याच साली काँग्रेस मंत्रिमंडळाने शेतकऱ्यांना परत मिळवून दिल्या.

जमिनी परत मिळाल्या त्या ज्यांच्या होत्या त्यांना. पाटीदार व अनाविल ब्राह्मण यांच्या शेतात राबणारे दुबळे हे कर्जापायी पिढ्यान्‌पिढ्या बांधलेले 'हाळी' होते. १९२८ च्या सहा महिन्यांत तेही मालकांबरोबर उभे राहिले. परंतु सारा भरण्याचा वा न भरण्याचा अधिकारच त्यांना नव्हता, म्हणून चौकशीच्या मागणीत त्यांचे गाऱ्हाणे नव्हते. कोणाच्याही युवक मंडळाने त्यांच्यासाठी वीस वर्षे खर्च केली नव्हती. त्यांना 'हळपती' हे नाव मिळाले, पुढे त्यांच्यासाठी सेवासंघही निघाला. जमीन मिळाली नाही. स्वातंत्र्यानंतर बारडोलीत सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तेव्हा ऊसतोडीसाठी स्थानिक हळपतींऐवजी बाहेरून टोळ्या आणण्यात आल्या. त्या टोळ्यांतील पुष्कळ माणसे आपल्या खानदेशातील होती. दरवर्षी हंगामात बैलगाड्या, पोरेबाळे व कोयते घेऊन ती बारडोलीच्या शिवारात उतरत, आणि पावसाळ्यापूर्वी परत फिरत.