लष्करी अळी, अमेरिकन

खवलेपंखी (लेपिडॉप्टेरा) गणाच्या नॉक्ट्युइडी कुलातील एका स्थलांतरी पतंगाची अळी. पतंगाचे शास्त्रीय नाव स्पोडॉप्टेरा फ्रुजिपर्डा. एका शेतातील खाद्य संपले की अळ्या फौजेप्रमाणे झुंडीने दुसऱ्या शेतात शिरतात. त्यावरून हे नाव पडले. मराठीत ‘लष्करी अळी’ हे नाव पूर्वी भात व ज्वारीवरील मिथिम्ना सेपरेटा या जातीला रूढ होते. म्हणून नव्या अळीस ‘अमेरिकन’ हे विशेषण जोडतात.

जे. ई. स्मिथ यांनी १७९७ मध्ये अमेरिकेतील जॉर्जियामधील नमुन्यांवरून या जातीचे वर्णन केले. हिवाळ्यात सुप्तावस्थेत जाण्याची क्षमता तिच्यात नाही. त्यामुळे उत्तर अमेरिकेत ती थंडीत फ्लॉरिडा व टेक्ससच्या दक्षिण भागांतच तग धरते आणि पुढे वाऱ्याच्या साहाय्याने, पिढी दर पिढी उत्तरेस सरकत, कॅनडापर्यंत पोहोचते. पतंग एका रात्रीत सु. १०० किमी. अंतर तोडू शकतो.

मादी पानांवर पुंजक्यांनी अंडी घालते व ती खवल्यांनी झाकते. अंडी २-३ दिवसांत उबतात. अळीच्या सहा अवस्था असून डोक्यावर उलट्या ‘वाय’ अक्षरासारखी खूण व शेपटीकडे चौकोनात चार ठिपके असतात. मोठी अळी पोंग्यात शिरून विष्ठेआड दडते, त्यामुळे फवारणी तिच्यापर्यंत पोहोचत नाही. कोषावस्था जमिनीत जाते. उन्हाळ्यात जीवनचक्र सु. ३० दिवसांत पुरे होते.

आफ्रिकेत ही कीड २०१६ मध्ये आढळली. भारतात तिची पहिली नोंद मे २०१८ मध्ये कर्नाटकात झाली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ती सोलापूर जिल्ह्यात मक्यावर व सांगली जिल्ह्यात उसावर दिसली. सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरपासून सांगलीपर्यंतच्या कृष्णा खोऱ्यात खरिपाचा मका, रब्बी ज्वारी, ऊस व चाऱ्याचा मका यांमुळे तृणकुलातील एखादे पीक वर्षभर उभे असते. थंडीही सौम्य असते. येथे स्थलांतराचे कारणच उरत नाही व प्रवासी कीटक रहिवासी होतो. भाकरी आणि कडबा, म्हणजे माणूस व जनावर या दोहोंचे अन्न, तिच्या तडाख्यात येते. म्हणून एका शेतकऱ्याचा उपाय अपुरा पडतो. गावाने एकाच वेळी पेरणी करणे, अंडीपुंज वेचणे, कामगंध सापळे लावणे, कोवळ्या अळ्यांवर निंबोळी अर्क फवारणे आणि ट्रायकोग्रामा या परोपजीवी कीटकाचे संरक्षण करणे हे उपाय एकत्रितपणे योजावे लागतात.