बिगारी : एका शब्दाचा इतिहास



कुठल्याही बांधकामावर जा. गवंडी दिसेल, सुतार दिसेल, सळई बांधणारा दिसेल. आणि सगळ्यांच्या खाली बिगारी दिसेल. माल कालवणारा, घमेलं उचलणारा, विटा वाहणारा. सरकारी दरपत्रकात त्याचं नाव 'अकुशल'. पण साइटवर त्याला बिगारीच म्हणतात, अन् हा शब्द खरं बोलतो. बिगारी आला बेगारीतून. बेगार म्हणजे वेठ. गावकीच्या नावाखाली आपल्या आज्या-पणज्यांनी जी फुकट मेहनत केली, ती. संविधानाच्या २३ व्या कलमाने बेगार बंद केली. शब्द मात्र साइटवर जिवंत राहिला. का राहिला, याचा हिशेब मागायचा आहे.

आपल्या भोकरदनपासून सुरुवात करू. गावाचं जुनं नाव भोगवर्धन. सांची आणि भारहुतच्या स्तूपांवर भोगवर्धनच्या दात्यांचे लेख आहेत. सांचीच्या दक्षिण तोरणावर तर विदिशेच्या हस्तिदंती कारागिरांनी, हे कोरीवकाम आमचं, असं दगडात लिहून ठेवलंय. दोन हजार वर्षांपूर्वी बुद्धाच्या स्तूपावर राबणाऱ्या हाताला नाव होतं! पुढे गढ्या झाल्या, वाडे झाले, दानापूरजवळ जुईचं धरण झालं, शेलूदजवळ धामनाचं झालं. माती वाहणाऱ्याचं नाव कुठं आहे? फार तर मस्टरवर. तेही अंगठ्याने. आणि मस्टर मुकादमाच्या बगलेत.

हे दुखणं बाबासाहेबांनी नेमकं ओळखलं होतं. जुलै १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. केंद्राचं बांधकाम खातं त्यांच्याच हाताखाली आलं. २९ ऑक्टोबर १९४२ ला त्यांनी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचं निवेदन दिलं. त्यात एक आकडा आहे : बांधकाम खात्याच्या यादीवर ठेकेदार ११७१, त्यांत अस्पृश्य एक. त्याच निवेदनात सरकारी छापखान्यांत आणि रेल्वेच्या कारखान्यांत आपल्या पोरांना उमेदवारी द्या, अशी मागणी आहे. पुढे ११ एप्रिल १९४६ ला त्यांनी किमान वेतनाचं विधेयक मांडलं. त्याचा कायदा १९४८ ला झाला. सरकारी ठेकेदाराने त्या भागात चालू असलेली रास्त मजुरी द्यावी, ही अट केंद्राच्या बांधकाम ठेक्यांत त्याच दशकात आली. म्हणजे मजुरी आणि हुन्नर, दोन्ही प्रश्न बाबासाहेबांनी बरोबरच धरले. एक सोडून दुसरा धरला तर काय होतं ते पुढे सांगतो.

दिल्लीचे हे नियम तेव्हा भोकरदनला लागू नव्हते. आपण निजामाच्या राज्यात. १७ सप्टेंबर १९४८ नंतर दार उघडलं. मग १९७२ चा दुष्काळ. मराठवाडा खडी फोडायला बसला. बाया, म्हातारी माणसं, पोरं, सगळी पाझर तलावावर अन् रस्त्यावर. त्यातून रोजगार हमी आली. तिचा कायदा १९७७ चा, अंमल २६ जानेवारी १९७९ पासून. १९७८ ला नामांतराच्या दंगलीत गावाने काम बंद केलं, तेव्हा मालकाच्या शेताबाहेर काम मिळणं म्हणजे काय, हे आपल्या वस्त्यांना कळलं. पण हमीत काम होतं, पुरी मजुरी मोजमापावर. माप घेणार साहेब, हजेरी मांडणार मुकादम. खोटी नावं मस्टरवर, खरा माणूस उन्हात.

दिल्लीत एशियाडच्या बांधकामावर तेच. मजुराचा रोज ९ रुपये २५ पैसे. त्यातला एक रुपया जमादार कापायचा. बायांच्या हातात ७ रुपये. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १८ सप्टेंबर १९८२ ला न्यायालय म्हणालं, किमान वेतनापेक्षा कमी पैशात काम करून घेणं ही २३ व्या कलमातली सक्तीची मजुरीच. कायदे पाळले जातात की नाही हे बघायला न्यायालयाने तीन माणसंही नेमली होती. १९८३ ला राजस्थानच्या दुष्काळी कामावरही तोच निकाल : दुष्काळ आहे म्हणून मजुरी कापता येत नाही. बहात्तरच्या खडीवर बसलेल्यांच्या वाट्याला हा न्याय अकरा वर्षं उशिरा आला.

आता फक्त मजुरी धरली तर काय होतं? अमेरिका बघा. तिथं १९३१ ला सरकारी बांधकामावर चालू दराने मजुरी देण्याचा कायदा झाला. निमित्त काय? न्यूयॉर्कजवळच्या एका इस्पितळाच्या कामावर दक्षिणेतल्या ठेकेदाराने काळे मजूर आणले होते. दर गोऱ्यांच्या युनियनचा ठरला, आणि त्या युनियन काळ्यांना उमेदवारीत घेत नव्हत्या. कायदा चांगला, दार बंद. एकलव्याची गोष्ट तिकडेही आहे.

आपल्याकडे १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात १९७३ साली दुरुस्ती होऊन अनुसूचित जाती-जमातींसाठी जागा राखल्या गेल्या. २०१९ च्या नियमांनी ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला, ठेक्यावरची माणसं धरून, अडीच ते पंधरा टक्के उमेदवार घेणं बंधनकारक केलं. बांधकामावर जाऊन हे कुणी विचारलंय? वीस वर्षं माल कालवणारा माणूस मिश्रणाचं प्रमाण हाताने ओळखतो, तरी मस्टरवर 'अकुशल'. हा दराचा भेद नाही. ही जात आहे, फक्त कागद सरकारी आहे.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या. किमान वेतनाचा, कंत्राटी कामगारांचा, बांधकाम मजुरांचा असे जुने कायदे त्यांत गेले. निरीक्षकाला आता मालकाचा सल्लागारही केलंय. म्हणून पाळत आपणच ठेवायची. दराचा फलक लागलाय का? मजुरीची चिठ्ठी मिळते का? बाईचा दर वेगळा का? ठेकेदाराने बुडवलं तर मूळ मालक जबाबदार, हे मजुराला कुणी सांगितलं का? उमेदवार किती, त्यांत आपले किती?

मोर्चा काढायच्या आधी पगाराच्या दिवशी साइटवर जा. मस्टर वाचायला मागा. ज्याला वाचता येत नाही त्याला वाचून दाखवा. त्याचं नाव, त्याचे दिवस, त्याचा दर. अन् कुणी बिगारी म्हणून हाक मारली, तर त्या माणसाचं नाव काय ते विचारा.