सूर्यतेजाचा एक कारखाना : उदय आणि अस्त

सूर्य हा सकल ऊर्जेचा दाता, हे आम्ही विद्यार्थ्यांना जन्मभर शिकविले. त्या तेजाचा व्यवसाय मनुष्यास कोठवर चढवितो व कोठे आणून सोडतो, हे चीनमधील सनटेक कंपनीच्या इतिहासावरून उमगते.

तिचे संस्थापक शी झेंगरोंग हे ऑस्ट्रेलियातील प्राध्यापक मार्टिन ग्रीन यांचे शिष्य. २००१ साली वुशी नगरात, नगरशासनाच्या साहाय्याने, त्यांनी ही कंपनी स्थापिली. जर्मनीने सौर विजेस हमीचा दर दिल्यामुळे मागणी वाढली. २००५ साली कंपनीचे भाग न्यूयॉर्कच्या शेअरबाजारात आले. पुढे ती सौर पॅनेल करणाऱ्या जगातील सर्वांत मोठ्या कंपनीच्या पदास पोहोचली.

परंतु टंचाईच्या भयाने तिने सिलिकॉन चढ्या भावाने दीर्घ मुदतीसाठी बांधून घेतले होते. २००८ नंतर ते भाव कोसळले, पॅनेलचेही उतरले. कर्ज मात्र उतरेना. मार्च २०१३ मध्ये सुमारे ५४ कोटी डॉलरचे रोखे थकले व वुशीचा कारखाना दिवाळखोरीत निघाला.

विद्येने जे उभारिले, ते ऋणाने ग्रासिले. तरीही त्या चढाओढीतून पॅनेल स्वस्त झाले, आणि आज आमच्या महाराष्ट्रातील कित्येक शेतांत सूर्यावर चालणारा पंप पाणी उपसतो. उद्योगेच्छू तरुणांनी ह्या इतिहासाची दोन्ही पाने वाचावीत, एवढीच आमची विनंती.