दोन रुपयांच्या पुडीचं कूळ

किराणा दुकानाच्या दारात शांपूच्या पुड्यांशेजारी कॉफीच्या पुड्यांची माळ लटकलेली असते. दोन रुपयांना एक, जेमतेम एका कपापुरती. कोपरा कापून पुडी पांढऱ्या बशीत रिकामी केली, की हलकी, कोरडी, तपकिरी पूड पडते. चिमटीत धरली तर आधी खरखरीत लागते आणि पाहता पाहता बोटांच्या ओलाव्यानेच चिकट होऊ लागते. नाक जवळ नेलं, की करपट आणि गोडसर, काकवीकडे झुकणारा वास येतो. पुडीच्या मागे बारीक अक्षरांत छापलेलं असतं: कॉफी इतके टक्के, चिकोरी इतके टक्के.

नाकाला आणि जिभेला इथे जे जे जाणवतं, त्यातल्या प्रत्येकाला स्वतःचा इतिहास आहे. गोडसर करपटपणा नेपोलियनच्या काळातल्या नाकेबंदीपर्यंत जातो, कडूपणा सिलोनच्या मळ्यांवर आलेल्या रोगापर्यंत आणि पाणी पडताच विरघळण्याचा गुण ब्राझीलमध्ये जाळल्या गेलेल्या कॉफीपर्यंत. ‘ही काही खरी कॉफी नव्हे’ असं म्हणून स्वस्त इन्स्टंट कॉफी बाजूला सारणारे बरेच असतात. मला ते पटत नाही. आपल्याकडच्या असंख्य घरांत कॉफी शिरली ती हिच्याच रूपाने. तिची चव पारखायची, तर ती कशासाठी जन्माला आली हे आधी समजून घ्यायला हवं.

कॉफी टिकवायची आणि सोबत नेता येईल अशी करायची, ही गरज मुळात सैन्याची आणि प्रवाशांची. दाणे भाजा, दळा, उकळा, गाळा, एवढा संसार छावणीत मांडायचा कुणी? ग्लासगोच्या पॅटरसन अँड सन्स या कंपनीने १८७६ साली यावर एक उत्तर काढलं. कॉफी, चिकोरी आणि साखर यांचा दाट अर्क बाटलीत भरला आणि त्याला ‘कॅम्प’ असं नाव दिलं. चमचाभर अर्क गरम पाण्यात किंवा दुधात घातला, की झालं. बाटलीवरच्या चित्रात तंबूसमोर बसलेला स्कॉटिश सैनिक होता आणि त्याच्या दिमतीला उभा असलेला शीख सेवक. झटपट कॉफीच्या या जुन्या शाखेचा हिंदुस्थानातल्या गोऱ्या फौजेशी असलेला संबंध त्या लेबलावर उघड दिसतो.

अर्काची कोरडी पूड करण्याचं एक सुरुवातीचं नोंदलेलं काम न्यूझीलंडमधलं. इन्व्हरकार्गिल या तिथल्या दक्षिण टोकाच्या गावी डेव्हिड स्ट्रँग या कॉफी-मसाल्याच्या व्यापाऱ्याने १८८९-९० मध्ये विरघळणाऱ्या कॉफीचं पेटंट घेतलं. अर्क गरम हवेने सुकवायचा, ही त्याची रीत. पुढे शिकागोत काम करणारे जपानी रसायनतज्ज्ञ सातोरी कातो यांनी आपली विद्राव्य कॉफी १९०१ साली बफेलोच्या पॅन-अमेरिकन प्रदर्शनात मांडली आणि १९०३ मध्ये त्यांना पेटंट मिळालं. मोठ्या प्रमाणावर धंदा मात्र जमवला तो बेल्जियममध्ये जन्मलेल्या आणि काही काळ ग्वाटेमालात राहिलेल्या जॉर्ज वॉशिंग्टन यांनी. १९०९ मध्ये त्यांची पूड अमेरिकेच्या बाजारात आली. पहिल्या महायुद्धाने तिला खंदकांत पोहोचवलं. १९१८ च्या ऑक्टोबरात अमेरिकी सैन्याला रोज ३७,००० पौंड पूड हवी होती आणि साऱ्या देशाचं उत्पादन होतं रोज ६,००० पौंड. सैनिक या पेयाला वॉशिंग्टन यांच्या नावावरून लाडाने ‘कप ऑफ जॉर्ज’ म्हणत.

या साऱ्या पुडींचं दुखणं एकच होतं. पाणी उडताना सुवास उडून जाई. कॉफीचा वास ज्या शेकडो संयुगांनी बनतो, त्यांतली बरीचशी पाण्याइतकी किंवा त्याहून चंचल असतात. अर्क आटवला की मागे उरायचा तो कडूपणा आणि रंग.

हा तिढा सुटला तो एका संकटामुळे. १९२९ च्या मंदीत कॉफीचे भाव कोसळले आणि ब्राझीलची गोदामं तुडुंब भरली. भाव सावरण्यासाठी सरकारने १९३१ पासून कॉफी नष्ट करायला सुरुवात केली. ढीग जाळले, समुद्रात टाकले, काही भाग आगगाडीच्या इंजिनांत जळण म्हणून गेला. १९४४ पर्यंत ६० किलोची एक अशी ७ कोटींहून अधिक पोती संपवली गेली. या काळात, म्हणजे १९३० च्या सुमारास, ब्राझीलच्या कॉफीत पैसा अडकलेल्या एका बँकेने स्वित्झर्लंडच्या नेस्ले कंपनीला विचारलं: गरम पाण्यात टाकताच विरघळेल आणि वर्षानुवर्षं टिकेल, अशी कॉफीची वडी करता येईल का? दूध सुकवण्यात ही कंपनी मुरलेली होती, म्हणून प्रश्न तिच्या दारात आला.

काम सोपवलं गेलं मॅक्स मॉर्गेन्थालर या रसायनतज्ज्ञाकडे. काही वर्षांत मनासारखं यश न आल्याने कंपनीने हात आखडता घेतला, तरी त्यांनी घरी प्रयोग चालूच ठेवले. दूध आणि साखर घातलेली कॉफी सुकवली तर तिचा वास जास्त काळ टिकतो, हे त्यांच्या लक्षात आलं. मग त्यातली किल्ली सापडली: पुरेशी कर्बोदकं सोबत असली, तर सुकताना ती सुवासाला धरून ठेवतात. १ एप्रिल १९३८ रोजी नेसकॅफे स्वित्झर्लंडमध्ये विक्रीला आली. त्या पहिल्या पुडीतला जवळजवळ निम्मा भाग बाहेरून घातलेल्या कर्बोदकांचा होता. दीड वर्षातच दुसरं महायुद्ध पेटलं आणि अमेरिकी सैन्याच्या शिध्याबरोबर ही पूड जगभर फिरली.

बाहेरची कर्बोदकं पुढे, १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला, निघाली. ती घालायची गरज उरली नाही, कारण दाण्यातलीच कर्बोदकं बाहेर काढण्याचं तंत्र साधलं होतं. आजच्या स्वस्त पुडीच्या चवीचं मर्म इथे आहे, म्हणून जरा थांबून पाहू. घरी कॉफी गाळताना भाजलेल्या पुडीच्या वजनाचा साधारण पाचवा हिस्सा पाण्यात उतरतो, बाकीचा चोथा. कारखान्यात मात्र भरडलेली कॉफी उंच पोलादी नळकांड्यांत भरतात आणि दाबाखालचं, दीडशे अंशांच्याही वर तापलेलं पाणी एकामागून एक नळकांड्यातून फिरवतात. रसवंतीवाला ऊस दुमडून पुन्हा पुन्हा चरकात घालतो, तसं हे शेवटच्या थेंबापर्यंत काढणं. एवढ्या उष्णतेत दाण्यातली न विरघळणारी जटिल कर्बोदकं फुटून विरघळू लागतात आणि वजनाचा निम्म्याच्या आसपास भाग पाण्यात येतो. माल दुप्पट, म्हणून किंमत कमी. पण या दुसऱ्या निम्म्यात सुवास नसतो. त्यात असतो शिजल्याचा, भाजक्या धान्यासारखा, थोडा लाकडी असा स्वाद.

मग हा अर्क दाट करून उंच मनोऱ्याच्या माथ्यावरून तुषार म्हणून सोडतात. त्यावर दोनशे अंशांच्या वरची कोरडी हवा येते. खाली पोहोचेपर्यंत प्रत्येक थेंबातलं पाणी निघून जातं आणि तळाशी पोकळ, बारीक कण जमतात. त्यांना किंचित वाफ देऊन एकमेकांना चिकटवलं, की दाणेदार कॉफी तयार होते. महाग बरणीतल्या टोकदार, सोनेरी खड्यांची वाट वेगळी: अर्क उणे चाळीस अंशांच्या आसपास गोठवायचा, फोडायचा आणि निर्वात कक्षात त्यातल्या बर्फाची थेट वाफ करून टाकायची. युद्धकाळात रक्तद्रव आणि पेनिसिलिन टिकवण्यासाठी वाढलेलं हे तंत्र १९६० च्या दशकात कॉफीत आलं. त्यात सुवास जास्त वाचतो आणि वीजही जास्त लागते. दोन रुपयांत ते बसत नाही.

आता कडूपणाकडे. १८६९ साली सिलोनमधल्या कॉफीच्या पानांवर नारिंगी भुकटी दिसू लागली. हा तांबेरा. दोनेक दशकांत तिथली कॉफी संपली आणि त्या उतारांवर चहा आला. दक्षिण भारतातल्या कॉफीच्या अरेबिका जातीलाही या रोगाने ग्रासलं. त्यामुळे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून मध्य आफ्रिकेतल्या रोबस्टा या काटक जातीकडे मळेवाल्यांचं लक्ष गेलं. ती कमी उंचीवर वाढते, भरघोस पिकते, तांबेऱ्याला दाद देत नाही. अरेबिकात सव्वा टक्क्याच्या आसपास कॅफिन असतं, रोबस्टात दोन टक्क्यांच्या वर. ती कडू आणि राकट, पण तिच्यातून विरघळणारा माल जास्त निघतो. इन्स्टंटवाल्यांना हेच हवं होतं. आज कोडगू, वायनाड, चिकमगळूर या भागांत पिकणाऱ्या भारतीय कॉफीत रोबस्टाचा वाटा अरेबिकाहून कितीतरी मोठा आहे.

उरली चिकोरी. ही एका निळ्या फुलांच्या झाडाची मुळी. तिच्यात इन्युलिन नावाचं कर्बोदक भरपूर असतं. मुळी भाजली की ते करपून काकवीचा वास आणि गडद रंग देतं. कॅफिन अजिबात नाही. १८०६ मध्ये नेपोलियनने इंग्लंडशी व्यापार तोडला, युरोपात कॉफीचा तुटवडा पडला आणि फ्रेंचांनी चिकोरीला हाताशी धरलं. तुटवडा सरला, पण जिभेला लागलेली सवय राहिली. मुंबईत ही चव ‘फ्रेंच कॉफी’ या नावाने रुजली, ती पेस्तनजी एडलजी दलाल यांच्या पोल्सनमुळे. लोण्यासाठी घरोघरी ओळखलं गेलेलं हे नाव मुळात कॉफीचं. माटुंग्याच्या तमिळ वस्तीतल्या फिल्टर कॉफीतही चिकोरी होतीच. त्यामुळे १९६० च्या दशकाच्या अखेरीस ब्रुक बाँडची ब्रू आणि पुढे नेस्लेची सनराईझ आली, तेव्हा कॉफी-चिकोरीची विरघळणारी पूड इथल्या जिभेला परकी वाटली नाही. चिकोरी स्वस्त पडते, हे खरंच. पण ती केवळ भेसळ म्हणून आली असं म्हणणं इतिहासाला धरून नाही. प्रमाण पाकिटावर छापण्याचं बंधन आहे आणि मिश्रणात निम्म्याहून अधिक कॉफी असावी लागते. पूड पाण्यावर टाकून चिकोरी ओळखायची घरगुती चाचणी मात्र इथे चालत नाही. ती दळलेल्या कॉफीसाठी आहे, ही तर सगळीच विरघळते. तेव्हा लेबलच वाचायचं.

एवढं कूळ ठाऊक झाल्यावर कप हातात घेऊ. पाणी उकळून मिनिटभर थांबवलेलं, दीडशे मिलिलिटर. साखर नाही, दूध नाही. पाणी पडताक्षणी वाफेबरोबर जो वास येतो तोच सर्वांत चांगला. काही सेकंदांत तो विरतो. पहिल्या घोटाला जिभेच्या मागच्या भागावर सरळ कडूपणा येतो. आंबटपणा जवळपास नाही, फळांचा किंवा फुलांचा मागमूस नाही. मध्यभागी भाजक्या धान्याची चव आणि शेवटी चिकोरीचा गोडसर करपटपणा, जो घशात बराच वेळ रेंगाळतो. कप निवत गेला की तुरटपणा वर येतो. काळी कॉफी म्हणून ही पुडी उणी पडते, हे स्पष्टच सांगायला हवं.

दुधात मात्र निकाल बदलतो. दुधातली प्रथिनं तुरटपणा ओढून घेतात, रोबस्टाचा कडूपणा दुधाच्या साईतूनही जाणवतो आणि चिकोरीमुळे रंग नि दाटपणा टिकतो. नाजूक अरेबिका एवढ्या दुधात हरवली असती. मराठी घरात कॉफी म्हणजे बहुतेक वेळा दुधातली, साखर घातलेली, वर जायफळ किंवा वेलदोड्याची पूड भुरभुरलेली. अशा कपात ही पुडी अगदी फिट बसते. जायफळाने तर तिच्या हरवलेल्या सुवासाची जागा भरून निघते. शिवाय एक गोष्ट हिलाच साधते: साखर आणि चार थेंब पाणी घालून चमच्याने फेटली की फिकट, घट्ट फेस येतो. कारखान्यात दाण्यातून जे जे विरघळवून आणलं तेच हा फेस धरून ठेवतं. दळलेल्या कॉफीच्या चोथ्याला हे जमत नाही. लग्नातल्या कॉफीवर आणि पाहुण्यांपुढच्या कपावर हा फेस कधीपासून आहे. २०२० च्या टाळेबंदीत तोच ‘दालगोना’ नावाने कोरियातून जगभर गाजला.

म्हणून माझा अभिप्राय असा. काळ्या कॉफीसाठी ही पुडी घेऊ नये. दुधातल्या कॉफीसाठी निःशंक घ्यावी, ७० टक्के कॉफी असलेली मिळाली तर तीच निवडावी, पाणी खळखळतं असताना ओतू नये आणि पावसाळ्यात मोठ्या बरणीपेक्षा पुड्याच आणाव्यात, कारण ही पूड हवेतला ओलावा खेचून गोळा होते. कंपन्यांकडे एकच मागणं आहे. चिकोरीचं प्रमाण छापता, तसं दाणा अरेबिका की रोबस्टा आणि कुठल्या भागातला, हेही छापा. बहुतेक स्वस्त पाकिटांवर ते नसतं. महाग बरणीवर मळ्याचं नाव अभिमानाने झळकतं आणि दोन रुपये देणाऱ्याला त्याच्या कपात काय आहे ते अर्धंच सांगितलं जातं. कोडगूच्या रोबस्टाला लाजण्यासारखं काही नाही, आणि ती पिणाऱ्यालाही तिचं नाव-गाव कळण्याचा तितकाच हक्क आहे.